पीटरची भीति

भित्र्या मुलाचें करावें काय, हा प्रश्न बहुतेक घरांतून दोनच प्रकारें सोडविला जातो. आजी त्याला पदराखालीं घेऊन कुत्र्यास हांकलून देते. काका त्याचा दंड धरून कुत्र्यापाशीं ओढीत नेतात. हेतु दोघांचाही चांगला. परंतु पहिल्या उपायानें ‘पळालों म्हणून वांचलों’ एवढेंच मुलाच्या मनांत ठसतें. दुसऱ्यानें कुत्र्याबरोबर काकांचेंही भय वाटूं लागतें.

मधली वाट मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषींनीं दाखविली. त्यांचा निबंध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील पीटर हा २ वर्षें १० महिन्यांचा मुलगा एरवीं निरोगी व गोड. पण उंदीर, ससा, पिसें, फार काय, कापूस पाहूनही त्याची गाळण उडे. न भिणाऱ्या मुलांच्या संगतींत बाईंनीं त्यास ससा दाखविण्यास आरंभ केला. प्रगति दिसूं लागली, तोंच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला. सुमारें दोन महिने इस्पितळांत काढून तो टॅक्सींत बसत असतां एक मोठा कुत्रा अंगावर आला. पीटर भ्यालाच, पण बरोबरची परिचारिकाही भ्याली! आजवरची सारी कमाई तेथें गेली.

बाईंनीं पुन्हां प्रारंभ केला. पीटरला उंच खुर्चीवर बसवून आवडता खाऊ द्यावा आणि पिंजरा इतकाच जवळ आणावा कीं त्याचें खाणें थांबूं नये. सारें कौशल्य या ‘इतकाच’मध्यें आहे. उतावीळपणा झाला असता, तर सशाची भीति जाण्याऐवजीं खाऊचीच बसती, हें बाई जाणून होत्या. पिंजरा १२ फुटांवर सोसवूं लागला, मग ४, मग ३. पुढें ससा मोकळा. शेवटीं पीटर त्याला खुशाल आपलीं बोटें कुरतडूं देई. कापसाची व पिसांची भीतीही मावळली.

१९५८ सालीं जोसेफ वोल्प यांनीं याच दिशेनें मोठ्यांसाठीं पद्धतशीर उपचार मांडले. आज खाऊ आवश्यक मानीत नाहींत. सोसेल त्या पायरीवर, पळ न काढतां, थांबणें महत्त्वाचें. जुनी भीति पुसली जात नाहीं, तिच्याशेजारीं नवा अनुभव उभा राहतो, असें आतां बरेच तज्ज्ञ मानतात. कुत्र्याच्या एका उडीनें पीटर मागें कां गेला, हें त्यावरून उमगतें. भीतीपायीं मुलाची झोंप किंवा शाळा बुडत असेल, तर मात्र घरगुती प्रयोग न करतां तज्ज्ञांकडेच जावें.

आमच्या घरींही कुत्र्याला भिणारी एक नात आहे. सध्यां ती माडीच्या खिडकींतून शेजारचा कुत्रा पाहते. पुढची पायरी जिन्याच्या मध्यावर. तेवढ्या वेळापुरतें तिच्या काकांस आम्ही बाजारांत पाठवितों.