स्नाननगरातील शास्त्रीय परिषद : प्रवास व निवास यांचा विचार

शास्त्रीय परिषदेचा वृत्तांत प्रसिद्ध होतो तेव्हा त्यात निबंध, वक्ते व चर्चा यांस स्थान मिळते. प्रतिनिधी कोणत्या गाडीने आले व कोठे उतरले, याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः परिषदेस कोणाला उपस्थित राहता येईल, हे पुष्कळ अंशी या दोन गोष्टींवरच ठरते. जर्मन शास्त्रज्ञांच्या अधिवेशनांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

इ. स. १८२२ मध्ये लोरेन्त्स ओकेन याच्या पुढाकाराने लाइपझिग येथे निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांची संस्था स्थापन झाली. सभासदांचा परस्परांशी प्रत्यक्ष परिचय व्हावा, हा तिचा मुख्य हेतू नियमांतच नमूद होता. त्यासाठी अधिवेशन दर वेळी निराळ्या गावी व सप्टेंबर महिन्यात भरावे असे ठरले. व्यवस्थेचा भार त्या त्या गावी राहणाऱ्या चालकांवर असे. पुढे सभासदांची संख्या वाढत गेली, तसा शेकडो पाहुण्यांच्या निवासाचा प्रश्न बिकट होऊ लागला.

खनिज जलाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावांत या प्रश्नाचे उत्तर आयतेच सापडे. तेथे रोगी उपचारासाठी आठवडेच्या आठवडे राहत. त्यामुळे लहानमोठी उपाहारगृहे, भाड्याच्या खोल्या, सभागृहे, वाचनालये व फिरण्याची उपवने यांची सोय आधीपासूनच असे. उन्हाळा सरताच रुग्णांची गर्दी ओसरे, आणि विद्यापीठांची सुटी अद्याप संपलेली नसे. बाडेन-बाडेन (१८७९), वीसबाडेन (१८८७) व कार्ल्सबाड (१९०२) येथे या संस्थेची अधिवेशने भरली, ती या पार्श्वभूमीवर.

पहिल्या महायुद्धानंतरचे पहिले अधिवेशन सप्टेंबर १९२० मध्ये बाड नाउहाइम येथे झाले. हृदयविकारावरील स्नानोपचारांसाठी ख्यातनाम असलेले हे गाव फ्रांकफुर्टच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरांवर, लोहमार्गावर वसले आहे. ऑगस्टमध्ये बर्लिन येथे सापेक्षतावादाविरुद्ध जाहीर सभा झाली होती. तेव्हा आइन्स्टाइन यांनी वृत्तपत्रात उत्तर देऊन, विरोधकांनी आपले आक्षेप नाउहाइम येथे शास्त्रज्ञांपुढे मांडावेत असे सुचविले. त्यानुसार २३ सप्टेंबर रोजी माक्स प्लांक यांच्या अध्यक्षतेखाली आइन्स्टाइन व फिलिप लेनार्ड यांचा प्रसिद्ध वाद झाला. या अधिवेशनाच्या काळात आइन्स्टाइन यांचा मुक्काम नाउहाइममध्ये नसून फ्रांकफुर्ट येथे माक्स बोर्न यांच्या घरी होता, आणि तेथून ते आगगाडीने येत-जात. स्नेह्याचे घर व जवळचे स्थानक यांनी निवासाची अडचण अशी दूर केली.

वादाने कोणाचेही मत पालटले नाही. तथापि वर्तमानपत्री कलहाचा विषय तज्ज्ञांच्या सभेत आला, ही गोष्ट महत्त्वाची होय. असा संवाद व्हावयाचा तर दोन्ही पक्षांना एका ठिकाणी पोहोचता येणे व चार दिवस राहता येणे अवश्य असते. स्नाननगराची एक मर्यादाही येथे ध्यानी घेतली पाहिजे. धनिक रुग्णांसाठी उभारलेल्या निवासस्थानांचे दर नवोदित संशोधकास झेपतीलच असे नाही. म्हणून परिषदेचे स्थळ निवडताना सभागृहाबरोबरच अल्प भाड्याच्या खोल्या, विद्यार्थ्यांची वसतिगृहे व जवळच्या शहरातून सायंकाळी परतण्याजोगी गाडी यांचीही चौकशी व्हावयास हवी. ती न झाल्यास ज्यांना ऐकण्याची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच घरी राहतात.