कुरकुरीत चिकन, पण मैद्याविना



आपल्याकडे कोंबडी म्हटली की झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी. १९९५ साली बंगळुरूत केएफसीचे भारतातील पहिले दुकान निघाले आणि तळलेल्या कुरकुरीत चिकनची आवड पुढे गावोगावी पोहोचली. मुले ते घरी करा म्हणून हट्ट धरतात. त्याच घरात आजीला किंवा बाबांना मधुमेह असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मग एकाच कढईतले सर्वांना खाता येईल का?

कोंबडीच्या मांसात कर्बोदके जवळजवळ नसतातच. ती येतात वरच्या आवरणातून. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, बेसनात ५८ आणि शेंगदाण्यात फक्त १६. म्हणून मैद्याऐवजी शेंगदाण्याचा जाडसर कूट वापरावा.

साहित्य (चौघांसाठी): बिनहाडाचे चिकन अर्धा किलो, बेसन २० ग्रॅम, कच्च्या शेंगदाण्याचा कूट ६० ग्रॅम, एक अंडे, आले-लसूण, तिखट, हळद, मीठ, लिंबू, तळणापुरते तेल.

कृती: चिकनचे बोटाएवढे तुकडे करून मसाला, मीठ व लिंबू लावून अर्धा तास झाकून थंड जागी, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावे. नंतर सुटलेले पाणी निथळून तुकडे कोरडे करावेत. ओल राहिली तर तेलाची उष्णता आधी ती वाफवण्यात खर्च होते आणि आवरण मऊ पडते. तुकडा प्रथम बेसनात, मग फेटलेल्या अंड्यात, शेवटी कुटात घोळवावा. बेसन ओल शोषते, अंडे शिजून कूट धरून ठेवते. दहा मिनिटे तसेच ठेवून मध्यम आचेवर तळावे. कुटाचा कण टाकताच बुडबुडे येऊन तो वर आला, की तेल तापले समजावे. धूर निघू देऊ नये, कारण शेंगदाणा लवकर करपतो. एका वेळी चार-पाचच तुकडे सोडावेत. जास्त टाकल्यास तेल थंड होते. पाच-सहा मिनिटांनी जाड तुकडा कापून पाहावा; आत गुलाबी राहता कामा नये. तळलेले तुकडे जाळीवर ठेवावेत. एकावर एक रचले तर वाफेने मऊ होतात.

काळजी: कच्च्या चिकनची सुरी व पाट वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत. बुरशी आलेले किंवा कडू दाणे फेकून द्यावेत. ज्यांना शेंगदाणे सोसत नाहीत, त्यांना हा पदार्थ देऊ नये. मुलांनी तळणीचे काम मोठ्यांच्या देखत करावे.

आता हिशेब पाहू. ८० ग्रॅम मैद्याच्या आवरणातून चौघांना मिळून ६० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १५ ग्रॅम कर्बोदके गेली असती. आपल्या आवरणातून प्रत्येकी साडेपाच ग्रॅम जातात. बचत साधारण साडेनऊ ग्रॅमची. परंतु ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतच सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात! म्हणजे मैदा टाळून जे वाचले, ते अर्ध्या पोळीत परत येते. ताटात भात, पोळी आणि सोबत थंड पेय तेवढेच राहिले, तर मैदा टाळल्याचा फारसा उपयोग नाही. तेल व उष्मांकही कमी होत नाहीत, म्हणून हा पदार्थ रोजचा नसावा. सोबत काकडी, मुळा, कांदा भरपूर घ्यावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणातील पोळी-भात एकदम कमी करू नये. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे, मगच ताट बदलावे.