नवा दगड, जुनीच अडचण?

"अगं, जरा सरक. मला फ्रीजपाशी जायचंय."

"थांबा ना आई, तव्यावर पोळी आहे!"

बेंगळूरच्या शिवाजीनगरमधले एक जुने घर डोळ्यांसमोर आणा. १९२७ मध्ये बांधलेले रसेल मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे भाजी रोज ताजी. घरात मराठी कुटुंब, दोन मुले शाळेत जाणारी. रोज सकाळी सात ते नऊ या वेळात त्या स्वयंपाकघरात असे संवाद हमखास झडतात. सासू भांडखोर नाही, सूनही आळशी नाही. दोष आहे तो स्वयंपाकघराच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद ओट्याचा.

हौसेने बांधलेला हा मधला ओटा. 'आयलंड' या नावाने तो आता आपल्याकडेही ओळखीचा झाला आहे. वर कडप्पा, खाली विटांचे बांधकाम. पण आता कडप्प्याचे टवके उडाले आहेत. लिंबू आणि चिंचेचे पाणी सांडून सांडून त्यावर पांढरट डाग पडले आहेत. भिशीचे पैसे हाती आले आहेत आणि यजमान म्हणतात, "दगड बदलून टाकू. दोन दिवसांचं तर काम!"

सून मात्र गप्प आहे. दगड चकचकीत झाला तरी सकाळी सासूबाईंना दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच चिंचोळ्या जागेतून आडवे होऊन जावे लागणार, हे तिला ठाऊक आहे. पैसे तर एकदाच मिळणार आहेत. मग तिने काय करावे?

हीच वेळ योग्य

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. ओट्याचा आकार बदलायचा तर दगड काढावाच लागतो. जुना दगड एवीतेवी निघणारच आहे, गवंडी घरात आलेलाच आहे, राडारोडा उचलायला गाडीही येणारच आहे. अशा वेळी चार विटा कमी करणे हे थोडक्या खर्चाचे काम असते. पण नवा दगड बसल्यावर दोन वर्षांनी तोच विचार मनात आला, तर नवाकोरा दगड फोडावा लागतो. म्हणून दगडाच्या दुकानात जाण्याआधी टेप हातात घ्या.

टेप काय सांगते?

वरच्या घरातले स्वयंपाकघर बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे असे समजू. लांब भिंतीला दोन फूट रुंदीचा मुख्य ओटा आहे. त्याच्या आणि मधल्या ओट्याच्या मध्ये अडीच फूट, म्हणजे ३० इंच जागा आहे. मधला ओटा तीन फुटांचा, आणि पलीकडे भिंतीपर्यंत पुन्हा अडीच फूट. कागदावर हे ठीक दिसते. पण एकजण ओट्याशी उभी असताना तिच्या मागून दुसऱ्याला जाता येत नाही. खालच्या कपाटाचे दार उघडले की रस्ताच बंद!

एका व्यक्तीला मोकळेपणाने काम करण्यासाठी दोन ओट्यांमध्ये सुमारे ४२ इंच आणि दोघींना एकाच वेळी वावरायचे असेल तर ४८ इंच जागा असावी, असे स्वयंपाकघराची आखणी करणारे तज्ज्ञ मानतात. म्हणजे या घरात मधला ओटा मुख्य ओट्याच्या बाजूने फक्त एक फूट कापला, तीनऐवजी दोन फुटांचा केला, की ३० इंचांचे ४२ इंच होतात. लांबीही पाचऐवजी चार फूट केली तर फ्रीजकडे जाणारा वळसा वाचतो.

हा वळसा क्षुल्लक वाटतो, पण तसा नसतो. बारा मुलांची आई असलेल्या अमेरिकन अभियंता लिलियन गिलब्रेथ यांनी १९२९ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या हालचालींचा अभ्यास केला. एकच गोड पदार्थ करायला जुन्या मांडणीत २८१ पावले चालावी लागत. वस्तूंच्या जागा बदलल्यावर तेच काम ४५ पावलांत झाले. पुढे १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रीज यांचा त्रिकोण मांडला गेला. या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी आणि मधल्या ओट्याने त्याची वाट अडवू नये, असा तो ठोकताळा आहे. आपल्याकडे दोनशे पोळ्या लाटल्या जात नसल्या, तरी दिवसातून तीनदा चहा, दोनदा स्वयंपाक आणि एकदा डबे होतातच ना?

आधी पुठ्ठ्याचा ओटा

लगेच हातोडा मारू नका. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा नव्या मापाचा कापून जुन्या ओट्यावर ठेवा. पुठ्ठ्याबाहेर राहिलेला भाग आठवडाभर वापरायचा नाही, त्यावर काहीही ठेवायचे नाही, असा घरात नियम करा. परात, पोळपाट आणि मिक्सर उरलेल्या जागेत मावतात का ते पाहा. नव्या ओट्याची कड जमिनीवर कुठे येईल तिथे खडूने रेघ ओढा. ज्या घरात गवंडी तमिळ बोलतो, दगडवाला दखनी आणि नळवाला कन्नड, तिथे ही खडूची रेघ सर्वांना सारखीच समजते. मापे लिहिलेला कागदी नकाशाही प्रत्येकाच्या हाती द्या.

उंचीचाही याच वेळी विचार करा. परदेशी ओटे ३६ इंच उंच असतात. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. उभे राहून कोपर वाकवले असता कोपराच्या तीन-चार इंच खाली ओटा आला तर खांदे दुखत नाहीत. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला तो आणखी दोन इंच खाली असला तर जोर नीट लावता येतो. मधला ओटा ३० ते ३१ इंचांवर आणला, तर सासूबाईंना स्टुलावर बसून भाजी निवडता येईल. मात्र गुडघे आत जावेत म्हणून एका टोकाला दगड बाहेर काढावा लागेल. तो जास्त बाहेर काढायचा असेल तर खाली लोखंडी ब्रॅकेट हवेच.

तीन वाटा

पहिली वाट कापण्याची. बांधकाम विटांचे किंवा कडप्प्याच्या उभ्या पाट्यांचे असेल तर एक बाजू कमी करणे सोपे असते. मात्र आत विजेची तार किंवा नळ असेल तर आधी वायरमन आणि नळवाला बोलवा. मधल्या ओट्यात सिंक असेल तर ते शक्यतो हलवू नका. सांडपाण्याचा उतार बदलायचा म्हणजे फरशी उखडणे आले आणि सगळे अंदाजपत्रक कोलमडते.

दुसरी वाट कोपरे छाटण्याची. पैसे फारच कमी असतील तर रहदारीच्या बाजूचे दोन कोपरे तिरपे करा. मांडीला लागणारा मार आणि मुलांच्या कपाळाला येणारे टेंगूळ, दोन्ही टळतात.

तिसरी वाट ओटा काढूनच टाकण्याची. त्याच्या जागी लोखंडी सांगाडा, खाली ब्रेक असलेली चाके आणि वर दगडाचा तुकडा. भाड्याच्या घरात हाच मार्ग बरा. घर सोडताना ओटा बरोबर नेता येतो. मालकाचे बांधकाम तोडायचे असेल तर त्यांची लेखी परवानगी मात्र विसरू नका.

यापैकी काहीही केले तरी गॅसची शेगडी मधल्या ओट्यावर हलवण्याचा मोह टाळा. सिलिंडर शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर आणि हवेशीर जागी हवा. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती वाटेत आडवी तर मुळीच नको. काम निघालेच आहे तर नळीवरची तारीखही पाहून घ्या. पाच वर्षे झाली असतील तर ती बदला.

दगड कोणता, किती?

आता हिशेब. पाच बाय तीन म्हणजे पंधरा चौरस फूट. चार बाय दोन म्हणजे आठ. निम्म्याजवळ दगड वाचला! २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे पाच किलो असते. म्हणजे ७५ किलोंऐवजी ४० किलो दगड. तो उचलायला माणसेही कमी लागतात.

बेंगळूरकर या बाबतीत भाग्यवान. शहराच्या दक्षिणेला जिगणी परिसरात ग्रॅनाइट कापणारे कारखाने आहेत. चामराजनगरचा काळा, कनकपुऱ्याचा बहुरंगी आणि आपल्या ओळखीच्या इरकली लुगड्यांच्या इलकलचा लाल, हे सगळे दगड कर्नाटकातलेच. मधला ओटा सुटा असल्याने त्याचा दगड मुख्य ओट्याशी जुळायलाच हवा असे नाही. म्हणून अखंड लादीऐवजी मोठ्या कामातून उरलेला तुकडा मागा. चार बाय दोनचा तुकडा सहज सापडतो आणि स्वस्तही पडतो.

काळा दगड घेताना नेलपॉलिश काढायच्या द्रावणात पांढरे फडके भिजवून तो घासून पाहा. फडक्याला काळे लागले तर दगड रंगवलेला आहे असे समजा.

कृत्रिम क्वार्ट्झचा दगड दिसायला सुरेख, पण त्यात राळ असते. तापलेली कढई थेट ठेवली तर डाग पडू शकतो. शिवाय तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. ही धूळ ग्रॅनाइटमधूनही उडते. तेव्हा दगड शक्यतो कारखान्यातच मापाने कापून आणा. घरी कापावाच लागला तर उघड्यावर, पाणी सोडून कापायला सांगा आणि कारागिराने योग्य मास्क लावल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका.

पैसे कुठे मुरतात?

दगडाचा भाव सगळेच विचारतात. खर्च फुगतो तो इतर बाबींनी. कडेचे पॉलिश रनिंग फुटाने मोजतात आणि गोल कडेला साध्या कडेपेक्षा जास्त पैसे पडतात. कड सरळ ठेवून धार तेवढी मोडून घ्या. सिंकची भोके, तोडकाम, राडारोडा, वाहतूक, नळजोड आणि रंग यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकूण रकमेच्या दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवा, कारण जुन्या ओट्याखाली काय निघेल ते कोणी सांगावे?

सिंकसाठी कापलेला दगडाचा तुकडाही तुमच्याच पैशांचा आहे. तो मागून घ्या. गरम भांडी ठेवायला उपयोगी पडतो. जुना कडप्पा न फोडता काढता आला तर त्याची खालची फळी होते. मुख्य ओट्यावरच्या दगडाला नुसतेच डाग असतील तर तो पुन्हा पॉलिश करून या वर्षी मधला ओटा आणि पुढच्या वर्षी मुख्य ओटा, असे दोन हप्त्यांतही काम करता येते.

काम चालू असताना तीन-चार दिवस चूल बंद राहणार. मुलांच्या परीक्षा आणि सणवार टाळून तारीख ठरवा.

शेवटी निर्णय कोणाचा? पैसे कोणाचेही असोत, त्या ओट्यापाशी दिवसाचे चार-पाच तास जिचे जातात, तिला आधी विचारा. वरच्या घरातल्या सुनेने दगडाचा रंग निवडण्याआधी यजमानांना एकदाच सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात उभे करावे आणि म्हणावे, "अहो, जरा फ्रीजमधून दूध काढून द्या ना."

सासूबाईंच्या मागून वाट काढत ते फ्रीजपर्यंत पोहोचले की टेप ते स्वतःच आणतील!