चिठ्ठी वाचण्याचा अधिकार

बारावीचा निकाल लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. डॉक्टरकीला नंबर लागणं अवघड, मग फार्मसी करू. निदान स्वतःचं मेडिकल तरी टाकता येईल. विचार चुकीचा नाही. पण दुकानाच्या भिंतीवर लागणाऱ्या त्या प्रमाणपत्रामागे काय काय पूर्ण करावं लागतं, हे प्रवेशाआधीच समजून घ्यायला हवं.

देशात औषध हाती देण्याचा अधिकार 1948च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता ठेवला. शिक्षणाचे नियम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. डी. फार्म. या पदविकेची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं, तर बी. फार्म.ची पदवी विद्यापीठ देतं. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. शहराबाहेरही पंढरपूरजवळ गोपाळपूर, सांगोल्याजवळ मेथवडे इथं फार्मसी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे खेड्यातल्या मुलींनाही हे शिक्षण जवळ आलं.

पदवीची चार वर्षं

बी. फार्म. म्हणजे आठ सत्रं आणि किमान 208 श्रेयांक. बारावीला गणित घेतलेल्यांना पहिल्या सत्रात जीवशास्त्राची उजळणी करावी लागते, जीवशास्त्रवाल्यांना गणिताची. याचं कारण स्पष्ट आहे. शरीर कळल्याशिवाय औषध कळत नाही आणि शरीरातून औषध किती वेगाने बाहेर पडतं, हे गणिताशिवाय काढता येत नाही.

प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी लागते, तीही थिअरी आणि प्रॅक्टिकलची वेगवेगळी. उत्तीर्ण व्हायला 50 टक्के गुण हवेत. पहिल्या दोन सत्रांतले सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्रात बसता येत नाही. म्हणून मागे राहिलेला विषय ‘पुढं बघू’ म्हणून टाळणं महागात पडतं. सहाव्या सत्रानंतर कारखाना, प्रयोगशाळा, रुग्णालय किंवा औषध दुकानात चार आठवड्यांत किमान 150 तासांचं प्रशिक्षण असतं. शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो.

डी. फार्म. दोन वर्षांचं. त्यानंतर किमान तीन महिन्यांत 500 तासांचं प्रशिक्षण, त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचे. 2022च्या नियमांनी नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही आणली. डी. फार्म. झालेल्यांना बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. 2008मध्ये सुरू झालेली फार्म. डी. सहा वर्षांची असून तिचं शेवटचं वर्ष रुग्णालयात जातं.

तास कशासाठी?

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रुग्णाने ती चुकून रोज घेतली, तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. “मावशी, ही फक्त सोमवारी, रोज नाही,” असं सांगून ते पाकिटावर ठळक लिहून देणारा माणूस काउंटरमागे हवा. ही सवय पुस्तकातून लागत नाही. शेकडो चिठ्ठ्या हाताखालून गेल्या की लागते. म्हणून प्रशिक्षणाच्या वहीवर नुसता शिक्का मारून घेणं, ही त्या मावशीची फसवणूक आहे.

कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने सोलापूर नशीबवान आहे. मधुमेहाचं मेटफॉर्मिन बनवायला डायमिथाइल अमाइन लागतं आणि अमाइन्स बनवणारी बालाजी अमाइन्स ही सोलापूरचीच कंपनी. तिचा तामलवाडीचा कारखाना तुळजापूरच्या वाटेवर आहे. घरातल्या आजोबांच्या गोळीमागचं रसायनशास्त्र विद्यार्थ्याला आपल्याच भागात पाहता येतं.

प्रवेश घेताना

महाविद्यालयाला आणि त्या अभ्यासक्रमाला कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. विद्यापीठाची संलग्नता बघा. प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहा, प्रशिक्षण कुठे होतं ते शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. आणि शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय काउंटरमागे उभं राहता येत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रमाणपत्र भाड्याने देऊन घरी बसणारा फार्मासिस्ट स्वतःच्या चार वर्षांचं मोल मातीत घालतो. ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तिथे रोज भेटणारा शिकलेला माणूस बहुतेक वेळा हाच असतो. त्याने दुकानात हजर राहावं आणि गिऱ्हाइकानेही त्याला प्रश्न विचारावेत.