सुजलेली पापणी : शेक द्यायचा की बर्फ?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, आणि तिथून वायव्येला शंभरेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. मग एका काठावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. 2025 मध्ये 23 ऑगस्टला झालेल्या गोटमारीतही जखमींची संख्या शेकड्यांत होती. प्रशासन गोफणीवर बंदी घालते, काठावर तात्पुरती उपचार केंद्रे उभारते. दगड मात्र थांबलेले नाहीत.

चेहऱ्यावर दगड बसला की पाहता पाहता सुजते ती पापणी. कपाळावर मार लागला तरी सूज उतरते पापणीतच, आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशी न लागलेल्या बाजूचा डोळाही फुगलेला दिसतो. याचे कारण पापणीच्या घडणीत आहे. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा होय. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. तिच्याखालचे ऊतक सैल असल्यामुळे रक्त असो वा पाणी, ते साठायला तिथे भरपूर जागा मिळते. म्हणूनच किरकोळ कारणानेही पापणी भयंकर दिसू शकते आणि गंभीर कारण असतानाही ती तशीच दिसते. केवळ सूज पाहून आतल्या दुखण्याचा अंदाज येत नाही, ही खरी अडचण आहे. त्यातच एका कारणावर गरम शेक उपयोगी पडतो, तर दुसऱ्यावर तोच शेक सूज वाढवतो.

मार लागलेल्या पापणीला पहिले दोन दिवस थंडच हवे. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे भुवई आणि गालाच्या हाडावर टेकवावा. डोळ्यावर दाब देऊ नये. बर्फ नसेल तर गार पाण्यात भिजवलेला रुमाल चालतो. पण त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. पापणी सहज उघडत असेल तर दुसरा डोळा झाकून समोरची बोटे नीट मोजता येतात का, हे विचारावे. नजर अंधूक होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बुबुळासमोर रक्ताची पातळी साचलेली दिसणे, बाहुलीचा आकार बिघडणे, यांपैकी काहीही आढळले तर तो केवळ पापणीचा मार नाही. सुजेमुळे डोळा उघडतच नसेल तर तो बोटांनी ताणून उघडू नये. नेत्रगोल फुटलेला असेल तर त्या ताणाने आतला भाग बाहेर येऊ शकतो. अशा डोळ्यात पाणी मारू नये, थेंब घालू नयेत, त्यावर पट्टी आवळू नये. कागदी पेल्याचा बूड कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवावा आणि थेट नेत्ररुग्णालय गाठावे. पांढुर्णा किंवा सौंसरहून त्याचा अर्थ बहुधा नागपूर असा होतो.

वस्तू दोन दिसत असतील किंवा गालाला बधिरपणा आला असेल तर डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडल्याची शक्यता असते. अशा वेळी नाक शिंकरू नये, कारण सायनसमधील हवा खोबणीत शिरून सूज एकाएकी वाढते. मार डोक्याला लागला असताना दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळे उमटली, तर कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची शंका घ्यावी लागते. पापणीची कड फाटली असल्यास, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात, टाके नेत्रतज्ज्ञाकडूनच घालून घ्यावेत. अश्रू वाहून नेणारी नलिका तिथूनच जाते; ती जुळली नाही तर डोळ्यातून सतत पाणी वाहत राहते. जखमेत हळद किंवा राख भरण्याची सवय अजून गेलेली नाही. पापणीवर तर ती अजिबात नको. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र विसरू नये.

दगड वर्षातून एकदाच चालतात. एरवी पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यातील सुजलेली पापणी इतर कोणत्याही गावातल्यासारखीच असते. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले हे दोन्ही तालुके 2023 मध्ये स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. घरात मराठी, शेतात संत्री आणि कापूस, मोठ्या खरेदीला नागपूर, असा हा मुलूख. इथेही पापणीच्या सुजेचे नेहमीचे कारण म्हणजे रांजणवाडी. पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन ठणकणारी लाल पुळी येते. हिला मात्र गरम शेक हवा : स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटे. तळहातावर बोट घासून ते रांजणवाडीवर टेकवण्याचा आजीचा उपाय हा शेकाचाच अल्पसा प्रकार, आणि बोट धुतलेले असेल तर निरुपद्रवी. लवंग उगाळून लावणे तसे नाही. तिचे तेल बुबुळाला झोंबते. पुळी फोडू नये. साधारण आठवड्याभरात ती आपोआप फुटते किंवा बसते.

न दुखणारी, वाटाण्यासारखी टणक गाठ मागे राहिली तर ती पापणीतील तेलग्रंथीचे तोंड बुजल्याने झालेली असते. शेकाने ती काही आठवड्यांत विरते. न विरल्यास लहानशी शस्त्रक्रिया पुरते. रांजणवाडी वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. उतारवयात गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊ लागली आणि तिथले केस गळू लागले, तर तिचा तुकडा तपासणीला पाठवणे आवश्यक असते, कारण तेलग्रंथीचा कर्करोग असाच भासतो.

खाज सुटून दोन्ही पापण्या सुजल्या तर बहुधा काहीतरी बाधलेले असते. सातपुड्याच्या जंगलात बिब्बा गोळा करणाऱ्यांना तो उतला की चेहरा सुजतो, हे त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात काजूच्या हंगामात बियांचे तेल लागलेला हात डोळ्याला लागला की हेच घडते. बिब्बा आणि काजू एकाच वनस्पतिकुळातले, त्यामुळे दाहही सारखाच. साबणाने हात आणि चेहरा धुणे व थंड पट्टी हा पहिला उपचार. सुजेबरोबर ओठ, जीभ फुगली किंवा श्वास लागू लागला तर क्षणाचाही विलंब परवडत नाही.

कीटकनाशकाचा फवारा किंवा चुना डोळ्यात गेल्यास मात्र आधी पाणी, मग डॉक्टर. खर्ऱ्यासाठी घरोघरी पडलेली चुन्याची पुडी लहान मुले दाबतात आणि ती डोळ्यासमोरच फुटते. चुना बुबुळ जाळत आत शिरतो. वीस मिनिटे पाण्याची धार धरण्यावर पुढची दृष्टी अवलंबून असते. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब या कशावरही घालू नयेत. लाली उतरल्यासारखी वाटते, पण जंतुसंसर्ग बळावतो आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढतो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. ताप, लाल सुजलेली पापणी, डोळा हलवताना वेदना किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, म्हणजे संसर्ग खोबणीत शिरल्याची शंका. हा त्याच दिवशी रुग्णालयात भरती करण्याचा प्रसंग आहे. दुसरी गोष्ट अधिक फसवी : दुखणे नाही, लाली नाही, फक्त सकाळी उठल्यावर दोन्ही पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत उतरलेल्या. ही सूज डोळ्याची नसून मूत्रपिंडाची असू शकते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात आणि शेजारच्या बैतुल व पांढुर्णा जिल्ह्यांत डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचे बळी गेले. तिथे ठळक लक्षण होते ते लघवी घटण्याचे. त्यामुळे मुलाच्या पापण्या फुगलेल्या दिसल्या की डोळ्याच्या थेंबांकडे वळण्याआधी त्याने कालपासून किती वेळा लघवी केली आणि त्याला कोणते औषध दिले, हे घरच्यांनी आठवावे आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. तिच्यातील प्रथिने एका साध्या पट्टीवर काही मिनिटांत कळतात.