विश्लेषण : मुंबई उपनगरांत कधी बर्फ पडेल का? असा अंदाज कसा बांधतात?

सांताक्रूझचा पारा १५ अंशांखाली उतरला की मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. लोकलच्या रुळांवर बर्फ साचल्याची संगणकावर बनवलेली चित्रे आणि ‘यंदा मुंबईत बर्फ पडणार का?’ हा प्रश्न. प्रश्न गमतीचा असला तरी त्याचे उत्तर शोधताना हवामानाचा अंदाज कसा बांधतात आणि थंडीच्या कोणत्या इशाऱ्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे, हे समजते.

मुंबईत आजवरची सर्वाधिक थंडी किती?

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदले गेले. हा आजवरचा नीचांक आहे. त्याच थंडीत कुलाब्याचा पारा ११.७ अंशांवर थांबला. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि रात्री पाणी जमिनीइतके लवकर थंड होत नाही. उपनगरांत, त्यातही राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली-मुलुंडमध्ये, झाडी व मोकळ्या जमिनीमुळे पहाट अधिक गार असते. फेब्रुवारी २००८मध्ये सांताक्रूझला ८.५, तर १७ जानेवारी २०२० रोजी ११.४ अंशांची नोंद झाली. म्हणजे विक्रमी थंडीतही शून्य अंश सात अंशांहून अधिक दूर राहिले.

मुंबईच्या आकाशात बर्फ असतो का?

असतो, आणि तोही भर पावसाळ्यात! उंचावर जावे तशी हवा थंड होत जाते. मुंबईवर शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या वर असते. पावसाळ्यातले उंच ढग ही पातळी ओलांडून जातात. त्यांच्या वरच्या भागात बर्फाचे कण तयार होतात, खाली येताना वितळतात आणि अंधेरी-घाटकोपरला पाऊस म्हणून कोसळतात. कण वितळतात तो थर डॉप्लर रडारवर ठळक पट्ट्यासारखा दिसू शकतो. मुंबईत असे एक रडार कुलाब्याला आहे, दुसरे अंधेरीजवळ वेरावली येथे. शिवाय सांताक्रूझहून उपकरण बांधलेले फुगे आकाशात सोडून वरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजली जाते.

बर्फाचा अंदाज बांधताना म्हणूनच केवळ जमिनीवरचा पारा पाहत नाहीत. ढगापासून जमिनीपर्यंत वाटेत उबदार हवेचा थर किती जाड आहे, हे पाहतात. तो काही शे मीटरचा असेल तर हिमकण जमिनीपर्यंत टिकू शकतात. मुंबईत तो चार किलोमीटरचा असतो. राज्यातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखरही (१,६४६ मीटर) त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही.

थंडी आणि ओलावा एकत्र का येत नाहीत?

उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की महाराष्ट्रात उत्तरेचे कोरडे वारे येतात. आकाश निरभ्र राहते, जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि पहाटे हुडहुडी भरते. मात्र या हवेत बर्फ पडण्याइतका ओलावा नसतो. उलट समुद्रावरून ओलावा आला की ढग जमतात, ते पांघरुणासारखे उष्णता अडवतात आणि किमान तापमान वाढते. बर्फाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात.

न्यू ऑर्लिन्सला पडतो, मग मुंबईला का नाही?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स हे उबदार, दमट हवेचे शहर. २१ जानेवारी २०२५ रोजी तेथे सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर हिमवादळाचा इशाराही तेव्हा पहिल्यांदा दिला गेला. कॅनडाकडून निघालेली ध्रुवीय हवा तेथे मोठ्या अडथळ्याविना दक्षिणेकडे घसरत येते. त्या थंड हवेवर आखातातील ओलावा चढला आणि बर्फ पडला. चीनमधील ग्वांगझू शहरातही जानेवारी २०१६मध्ये हिमकण पडले. आपल्याकडे मात्र सायबेरियाच्या थंड हवेला हिमालयाची भिंत अडवते. दुसरा मार्ग उंचीचा. हवाई बेटांवरील मौना किया हा पर्वत जवळपास मुंबईच्याच अक्षांशावर आहे, पण चार हजार मीटरहून उंच असल्याने त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडतो.

महाबळेश्वरला दिसतो तो बर्फ कोणता?

वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दिसणारा पांढरा थर आकाशातून पडत नाही. ती हवेतील बाष्प किंवा दव गोठून जागेवरच तयार झालेली हिमकणांची चादर असते. सातपुड्यात डाब, तोरणमाळ परिसरातही ती दिसते. अधिकृत तापमापी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, झडपांच्या पेटीत ठेवलेली असते. निरभ्र, शांत रात्री गवताचे पाते त्याहून काही अंश थंड होते. त्यामुळे वेधशाळेत पारा शून्याच्या वर असतानाही गवतावर दव गोठते. निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना याच कारणाने बागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. गारपीट हा आणखी वेगळा प्रकार. गारा उंच वादळी ढगात तयार होतात. आकाराने मोठ्या असल्याने आणि वेगाने पडत असल्याने त्या वितळण्याआधी जमीन गाठतात. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये राज्यातील शेतीचे मोठे नुकसान केले ते गारांनीच.

मग उपनगरवासीयांनी काय पाहावे?

बर्फाचा नव्हे, थंडीच्या लाटेचा इशारा. किनारी केंद्रांवर किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो. मैदानी भागांसाठी ही मर्यादा १० अंशांची आहे. मोबाइल ॲपवरचा आकडा अनेकदा काही किलोमीटरच्या चौकोनाचा संगणकीय अंदाज असतो. त्यामुळे बोरिवलीची टेकडी आणि गोराईचा किनारा यांतला फरक त्यात पुसला जाऊ शकतो.

थंड, शांत रात्रीचा खरा त्रास वेगळाच असतो. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर बसला की धूळ आणि धूर खालीच अडकून राहतो. दमा असलेल्यांनी आणि वृद्धांनी अशा पहाटे फिरायला निघण्याआधी तापमानासोबत हवेचा निर्देशांकही पाहावा. मुलुंडला पहाटे पांढरे दिसले, तर ते बर्फ नसून धुके असेल किंवा धुरके. त्यातले धुरके असेल, तर फिरणे थोडे उशिराने केलेले बरे.