नेमबाजीचा छंद आणि छोटा उद्योग : महाड-पोलादपूरच्या मुलांसाठी एक धडा



२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. खेड्यातला मुलगा नेमबाज होऊ शकतो, हे आपल्या मुलांनी पाहिलं. पण घरात विषय निघाला की तो किमतीपाशी येऊन थांबतो. स्पर्धेची चांगली एअर रायफल लाखाच्या पुढे जाते. शिवाय जाकीट, बूट, छर्रे वेगळे. आणि एवढं करूनही पदक एखाद्यालाच मिळतं. मग बाकीच्यांचा छंद वाया गेला म्हणायचं का?

नाही. ज्याला खेळ आतून कळतो, तो त्या खेळाचं साहित्य बनवू शकतो. आज याच वाटेचा विचार करू.

छंदातून उद्योग कसा उभा राहतो?

अमेरिकेतल्या फ्रेड बेअर यांना धनुर्विद्येचा नाद होता. मोटार कारखान्यात लाकडी नमुने बनवण्याचं काम त्यांनी केलं होतं, त्यामुळे हात तयार होता. १९३३ साली त्यांनी मित्राबरोबर डेट्रॉइटमध्ये व्यवसाय सुरू केला, पण मुख्य काम होतं जाहिराती छापण्याचं. धनुष्य-बाण हा जोडधंदा होता. १९३९ च्या सुमारास त्यांनी छपाई सोडून पूर्णवेळ धनुष्याचं काम धरलं. म्हणजे छंदाने पोट भरेपर्यंत दुसऱ्या कामाने घर चालवलं.

दुसरे डग ईस्टन. १९२२ पासून ते बाण बनवत होते. लाकडाचे दोन बाण कधीच अगदी सारखे नसतात, ही त्यांची अडचण. म्हणून १९३९ च्या सुमारास ते ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळले. नेमबाजाला हवा असतो तो एकसारखेपणा, आणि त्यांनी तोच विकला.

आपल्याकडे ठाण्याच्या प्रीसिहोलचं उदाहरण आहे. धातूत खोल, सरळ छिद्र पाडणारी यंत्रं बनवणाऱ्या या उद्योगसमूहाने एअर रायफलीही बाजारात आणल्या. बंदुकीची नळी म्हणजे तरी काय? खोल, सरळ छिद्रच की! हातात असलेलं कौशल्य खेळाच्या गरजेला जोडलं, एवढंच.

काय बनवायचं, काय नाही?

इथे पालकांनी स्पष्ट राहायला हवं. बंदूक किंवा तिचे भाग बनवणं हा घरगुती उद्योग नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनवायला परवाना लागतो. मुलांनी 'करून बघू' म्हणून त्या वाटेला जायचं नाही. शिशाचे छर्रे घरी ओतणंही नको, शिसं विषारी असतं.

पण बंदुकीभोवती बऱ्याच गोष्टी लागतात : निशाण्याची कार्डं, कार्ड धरायचा स्टँड, छर्रे अडवणारी पेटी, रायफलची पिशवी, गुडघ्यावर बसताना घोट्याखाली ठेवायचा रोल. यासाठी शिंपी, सुतार, वेल्डर आणि छापखाना लागतो. हे सगळे हात महाड आणि पोलादपूरच्या बाजारात आहेत.

माप हेच भांडवल

या खेळात प्रत्येक वस्तूला नियमाचं माप असतं. १० मीटर एअर रायफलचं कार्ड ८० मिमी × ८० मिमी असतं. मधला दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमी व्यासाचा. त्याबाहेरची वर्तुळं ५.५, १०.५, १५.५ अशी वाढत जातात आणि एक गुणाचं वर्तुळ ४५.५ मिमीचं होतं. ही दहावीची अंकगणिती श्रेढीच झाली : पहिलं पद ०.५, सामाईक फरक ५, दहावं पद ४५.५. 'सर, याचा उपयोग काय?' या प्रश्नाला एवढं सरळ उत्तर क्वचितच मिळतं!

आता रोल घ्या. नियमाने तो जास्तीत जास्त २५ सेमी लांब आणि १८ सेमी व्यासाचा असावा. पण कापड १८ च्या हिशोबाने कापलं, तर आत भरण ठासल्यावर ते फुगतं आणि रोल नियमाबाहेर जातो. म्हणून १७ सेमी व्यास धरायचा : १७ × ३.१४ = ५३.३८ सेमी, अधिक शिलाईची जागा. हे शिंप्याला कोण सांगणार? ज्याने स्वतः गुडघ्यावर बसून नेम धरलाय तोच.

हिशोब

समजा, एका रोलला कापड ९०, भरण ४०, चेन व दोरा २०, शिलाई १०० आणि पॅकिंग ५० असा ३०० रुपये खर्च आला. किंमत ठेवली ४२०. दहा रोल विकले की नफा १,२०० रुपये. पण दहातला एक माप चुकल्याने परत आला, तर विक्री ३,७८० आणि खर्च तोच ३,००० रुपये. नफा उरला ७८०! एका चुकलेल्या रोलने नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग खाल्ला. शिलाईची मजुरीही खर्चात धरायचीच, मग शिवणारी घरची आई असली तरी. पुष्कळ घरगुती धंद्यांत ही मजुरी कुठे लिहिलेलीच नसते.

आपल्या भागाचं पाहायचं तर

गिऱ्हाईक फार लांब नाही. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला ऑलिम्पियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. माल विकण्याआधी अशा ठिकाणी नमुना दाखवून दोष विचारून घ्यावेत. महाड-पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि हा माल हलका, त्यामुळे पार्सल सोपं.

अडचण पावसाची. कार्डं दमट हवेत वाकतात, कापडाला बुरशी धरते. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेचं काय झालं ते आपण जाणतोच. कच्चा माल माळ्यावर ठेवायचा आणि पावसाळ्याआधी साठा कमी करायचा. काम जमू लागलं की उद्यम नोंदणी करावी, ती मोफत असते.

वर्गात करून पाहा

१. कंपास घेऊन दहा वर्तुळांचं कार्ड काढायला सांगा आणि एकमेकांची मापं तपासू द्या. ०.५ मिमीचा ठिपका काढताना छापखान्याची गरज का पडते, ते मुलांना आपोआप कळेल.

२. ५६० मिमी × ७२० मिमीच्या कागदातून किती कार्डं निघतील? (७ × ९ = ६३)

३. गावातल्या एका शिंप्याला किंवा सुताराला भेटून मजुरी कशी ठरते ते विचारून या.

पोलादपूरच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आजही मुंबईत चाकरमानी आहे. असा एक धंदा उभा राहिल्याने ते चित्र लगेच पालटणार नाही. पण मूल एखाद्या खेळात रमलं, की 'अभ्यास कर' म्हणण्याआधी एकदा विचारा, 'यात लागणारी कोणती वस्तू तू बनवू शकशील?' आणि त्याच्या हातात मोजपट्टी द्या.